मोर्चा येईपर्यंत

न्यूझीलंडनं अण्णांना पहिल्याच तासाला निःशस्त्र केलं.

त्यांना घ्यायला मी वेलिंग्टनहून ऑकलंडला आलो होतो आणि विमानतळाबाहेर ताटकळत उभा होतो. आई गेल्यावर वर्षभर नाही-नाही म्हणत माझे वडील अखेर माझ्याकडे यायला तयार झाले होते, आणि येताना त्यांनी चार कपडे, आईचा फोटो आणि जुन्या चादरीत गुंडाळलेली एक लाठी आणली होती. पुरुषभर उंचीची, तेल पाजलेली, टोकाला लोखंडी वळं. इथे बाहेरून येणारं लाकूड, बी, मध, मातीचे बूट, सगळं तपासतात. तपासणीवाल्या बाईंना लाठीत किड्यांनी पाडलेली बारीक भोकं दिसली. त्यांनी अदबीनं सांगितलं की ही आत नेता येणार नाही, नष्ट करावी लागेल. मी असतो तर घासाघीस केली असती, विनवण्या केल्या असत्या. अण्णा बाहेर आले ते रिकाम्या हातानं.

"भांडलात नाही?" मी विचारलं.

"दारावरच्या माणसाशी वाद घालायचा नसतो. तो त्याचं काम करतो," अण्णा म्हणाले. मग थोडं चालून गेल्यावर म्हणाले, "आपल्या घराण्यातली सरकारनं घेतलेली ही दुसरी काठी."

पहिली माझ्या आजोबांची. आजोबा कोकणातून मुंबईला आले आणि गिरणीत साचाखात्यात, मागांवर लागले. साहेबाचं राज्य होतं, आणि गिरण्यांमधून मोठमोठे संप होत होते. संप लांबला की मालकांचे भाड्याचे पहिलवान पहाटे चाळीत शिरायचे. कामावर न जाणाऱ्याला अंथरुणातून ओढून बदडायचं, सभा चालू असेल तर उधळून लावायची, हे त्यांचं काम. पोलिसांत जाण्यात अर्थ नव्हता, कारण पोलीस बहुतेकदा त्यांच्याच मागे उभे असत. तेव्हा कामगारांनी आपलं स्वतःचं दल काढलं. दंडाला लाल फीत, हातात लाठी. उजाडायच्या आत मैदानात कवायत, आणि दिवसभर सभेला, मोर्चाला, चाळीच्या दारांवर पहारा. आजोबा एका तुकडीचे नायक होते. त्यांची काठी पोलिसांनी जप्त केली आणि त्यांनाही तिच्याबरोबर काही दिवस आत ठेवलं. बाहेर आल्यावर त्यांनी दुसरी करून घेतली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशातली ही माणसं.

दलाचे नियम आजोबांनी अण्णांकडून आणि अण्णांनी माझ्याकडून पाठ करून घेतले होते, इतरांच्या घरी परवचा म्हणवून घ्यायचे तसे. त्यातला पहिला असा की मोर्चाच्या आधी जागेवर पोचायचं आणि मोर्चा येईपर्यंत जागा सोडायची नाही. ऊन लागो, समोरून घोडेस्वार येवोत. मोर्चात बायकापोरं असतात. त्यांना लांबून लाल फीत दिसली की पुढची वाट मोकळी आहे हे कळतं. मोर्चा आला की त्याच्या पुढे लागायचं आणि शेवटपर्यंत पोचवायचं. दल कधीच मोडलं, आजोबा गेले, पुढे अण्णांची गिरणीही बंद पडली. पण एक मेला अण्णा पांढरा शर्ट घालून, फीत बांधून नाक्यावर उभे राहायचे ते राहायचेच. आमच्या नाक्यावरून जाणारा मोर्चा दरवर्षी रोडावत होता, त्याचं त्यांना काही नव्हतं.

आता मला हवं होतं ते सांगतो. मला अण्णा कायमचे इथे हवे होते. त्यांचा व्हिसा पाहुण्याचा होता, थोड्या महिन्यांचा. तेवढ्यात त्यांचं मन वळवायचं आणि कायमच्या वास्तव्याचा अर्ज करायचा, असं मी आणि बायकोनं ठरवलं होतं. चाळीत तिसऱ्या मजल्यावर एकटा म्हातारा, रात्री-अपरात्री काही झालं तर तोंडात पाणी कोण घालणार, असं मी सगळ्यांना सांगायचो. ते खोटं नव्हतं. अण्णांनाही ते पटलेलं दिसायचं. "बघतो राहून," ते म्हणायचे, आणि खरोखर राहून बघत होते. नवीन कामावर लागलेला माणूस जसा चुका टाळत वागतो, तसे ते आमच्या घरात वागत.

घर वेलिंग्टनजवळच्या लोअर हटला होतं. पुढे हिरवळ, मागे हिरवळ, मध्ये लाकडी घर, आणि चोहीकडे शांतता. मी सकाळी ट्रेननं वेलिंग्टनला ऑफिसात जायचो. डब्यात सगळे पेपरात किंवा खिडकीत बघत. ओळखीचे चेहरे झाले होते, पण मान हलवण्यापलीकडे काही घडलं नव्हतं. बायको इस्पितळाच्या लॅबमध्ये होती, तिच्या शिफ्टा. लेक आठ वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं.

"शाळेत काय केलंस गं आज?" अण्णा विचारायचे.

"नथिंग मच, आजोबा. वी हॅड स्विमिंग. आय फरगॉट माय टॉग्ज."

अण्णा माझ्याकडे बघायचे. मी सांगायचो, पोहायचे कपडे विसरली. ते मान डोलवायचे. नात आणि आजोबा यांच्यामध्ये दुभाष्या लागावा याचा मला राग यायचा, आणि तो कोणावर काढावा हे कळायचं नाही. ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी सगळे बिअर घेऊन उभे राहायचे; मीही ग्लास धरून उभा राहायचो. लोक वाईट नव्हते. चांगलेच होते. "हाऊ वॉज युअर वीकेंड?" सोमवारी विचारायचे, आणि मी "गुड, गुड" म्हणायचो. पाच वर्षांत या प्रश्नाला मी दुसरं उत्तर दिलेलं नव्हतं. मला इथे एकटं वाटायचं, पार हाडापर्यंत एकटं, आणि हे बोलून दाखवण्याइतकं जवळचंही कोणी नव्हतं. म्हणून अण्णा आले तेव्हा मला जे वाटलं ते एखाद्या पोराला शाळेतून न्यायला बाप आल्यावर वाटतं तेच होतं. वयाची चाळिशी आली होती माझी.

दोन-तीन आठवड्यांनी अण्णांनी नवीन काठी मिळवली. हार्डवेअरच्या दुकानात मी बल्ब घेत होतो, तेवढ्यात ते लांब दांड्यांच्या रांगेपुढे जाऊन उभे राहिले. फावड्याचे दांडे होते. एकेक उचलून, खांद्याला लावून, तोल बघून त्यांनी एक निवडला. "बांबूची सर नाही याला. पण दुधाची तहान ताकावर," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून सकाळी मागच्या अंगणात कवायत सुरू झाली. पवित्रा, वार, अडव, फिरव. ती बघायला कोणी नव्हतं. खिडकीतून मी चहा पिताना पाहायचो तेवढंच.

एका शनिवारी कुंपणापलीकडून शेजारच्या आजी बघताना दिसल्या. ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. मुलगा ऑस्ट्रेलियात, त्याचा फोन नाताळला. आमचं बोलणं आजवर कचऱ्याचे डबे कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचे एवढ्यापुरतंच झालं होतं. मला वाटलं, आता तक्रार येणार. दांडा गरागरा फिरवणारा म्हातारा कुंपणाशेजारी कोणाला आवडेल?

"हे तो कुठे शिकला?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं. वडिलांकडून. संपाच्या काळात कामगारांचं दल होतं, त्यात.

आजी म्हणाल्या, "माझे वडील कुदळीचा दांडा वापरायचे."

त्या दिवशी पहिल्यांदा त्या आमच्या घरी आल्या. मी दुभाष्या होतो. माझ्या एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला मराठी. आजींचे वडील वेलिंग्टनच्या धक्क्यावर जहाजं उतरवायचे. आजी जन्मायच्या आधी, पहिल्या महायुद्धाच्याही आधी, तिथे मोठा संप झाला होता. तो मोडायला सरकारनं खेड्यांतून घोड्यांवर बसलेले शेतकरी आणले, त्यांना शपथ देऊन जादा पोलीस केलं आणि लांब दंडुके दिले. घोडे रस्त्यात गर्दीवर घालायचे. तेव्हा धक्क्यावरच्या माणसांनीही आपली फळी उभी केली. कोणाच्या हातात कुदळीचा दांडा, कोणाकडे गाडीच्या चाकाचा आरा, आणि काहींच्या कोटाच्या खिशात पिस्तूल.

"तुझ्या वडिलांकडे?" अण्णांनी माझ्यामार्फत विचारलं.

"होतं," आजी म्हणाल्या. "संप हरल्यावर त्यांनी ते पुरलं. कुठे, ते आईलासुद्धा सांगितलं नाही. धक्क्यावर पुन्हा काम मिळालं नाही. आम्हाला दम दिला होता, शाळेत यातलं एक अक्षर बोलायचं नाही म्हणून. पुढे कोणी विचारलंच नाही."

"चालवलं होतं का ते?"

मी हा प्रश्न इंग्रजीत करायला कचरलो. अण्णांनी डोळे वटारले, तेव्हा विचारला. आजी म्हणाल्या, "ते म्हणायचे, एकदाच, आणि हवेत." आणि हसल्या. "सगळ्यांचे वडील म्हणतात, हवेत."

अण्णा मोठ्यानं हसले. "आमच्या म्हाताऱ्यानं तर मारलं होतं. एकाचा पाय कायमचा अधू झाला. तो पहिलवानही आमच्याच गावाकडचा होता, पोटासाठी आलेला. म्हातारा शेवटपर्यंत त्याचं नाव काढायचा नाही. पण आम्ही काठ्या नुसत्या पूजेला ठेवल्या होत्या, असं मी कोणाला सांगत बसत नाही. सांग तिला."

मी सांगितलं. आजींनी मान हलवली. त्यानंतर शनिवारी त्या येत राहिल्या, चहा घेत, आणि दोघं बहुतेक वेळ गप्पच बसत. पण मी नसलो की तेवढंही व्हायचं नाही. आठवड्याचे बाकीचे दिवस कुंपणाच्या अलीकडे एक म्हातारा आणि पलीकडे एक म्हातारी, दोघांचे ओठ मिटलेले. मी ऑफिसात बसून हे चित्र डोळ्यांपुढे आणायचो आणि मला कामात लक्ष लागायचं नाही.

ऑक्टोबर आला. इथला वसंत, ऊन चढतं पण वाऱ्याचे दात बोथट होत नाहीत. लेकीनं जेवताना सांगितलं की सोमवारी शाळेला सुट्टी आहे, लेबर डे आहे.

अण्णांनी घास खाली ठेवला. "कामगार दिन? इथे? सरकारी सुट्टी?"

मी सांगितलं की इथल्या कामगारांनी आठ तासांचा दिवस फार लवकर मिळवला, त्याची ही सुट्टी. अण्णांचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांत मी तो असा पाहिला नव्हता. "मग मोर्चा कुठून निघतो?"

"मोर्चा-बिर्चा काही नसतो हो, अण्णा. लोक बागकाम करतात. लाँग वीकेंड."

"काय करतात?"

"टोमॅटो लावतात," बायको म्हणाली. "इथे पद्धतच आहे. लेबर वीकेंडला टोमॅटोची रोपं लावायची."

"एव्हरीबडी गोज टु द गार्डन सेंटर," लेक म्हणाली.

अण्णांनी आमच्या तिघांकडे असं पाहिलं, जणू आम्ही त्यांची थट्टा करतोय. शनिवारी आजींना विचारलं तर त्याही म्हणाल्या की मोर्चे पूर्वी निघायचे, बँड, निशाणं, सजवलेल्या गाड्या, वडिलांच्या तरुणपणी. आता कुठले? वडील तर संप हरल्यानंतर त्या दिवशी सगळ्या पोरांना मागच्या अंगणात घेऊन बसायचे आणि टोमॅटो लावायला लावायचे, कोणी रस्त्यावर जाऊ नये म्हणून. मी हे सगळं नीट मराठीत सांगितलं. अण्णा ऐकून घेत होते. पण माणूस आपल्याला हवं तेच धरून ठेवतो. एवढा मोठा हक्क, आणि एवढं लढलेली माणसं. ती त्या दिवशी घरात बसून रोपं लावतील हे त्यांच्या डोक्यात शिरेना. तुम्ही ऑफिसवाले, तुम्हाला काय ठाऊक, असं त्यांच्या मनात आलं असणार.

सोमवारी सकाळी मी उठलो तेव्हा अण्णा घरात नव्हते. पांढरा शर्ट नव्हता, दांडाही नव्हता. दाराशी त्यांचे बूट नव्हते. घरभर घालायच्या जँडल्स, रबरी चपला, तेवढ्या होत्या. मला कळायचं ते कळलं. आजी मागे वाफ्यात गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांनी कोणाला जाताना पाहिलं नव्हतं. मी गाडी घेऊन आधी स्टेशनकडे गेलो, मग कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानात, विचारलं. दुकानदार गुजराती, तो म्हणाला, "अंकल गया ना, सीधा टाउन की तरफ. फर्स्ट क्लास चल रहे थे." तेवढ्यात मोबाइल वाजला. अण्णांच्या खिशात माझ्या नंबरची चिठ्ठी असायची.

"किया ओरा," पलीकडून तरुण आवाजात इथला माओरी नमस्कार. "पोलीस बोलतोय. युअर डॅड इज ऑल गुड. पण तो इथून हलत नाहीये, आणि त्याच्याकडे एक काठी आहे."

कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, इमारतीसमोर रस्त्याच्या कडेला अण्णा उभे होते. टाचा जुळवलेल्या, दांडा उजव्या बाजूला सरळ, दंडाला लाल फीत. ती त्यांनी लेकीच्या केसांच्या रिबिनीची केली होती. स्वेटर नव्हता, गणवेशावर स्वेटर चालत नाही. वारा शर्टातून आरपार जात होता आणि त्यांची हनुवटी थरथरत होती. शेजारी एक उंच, गुलाबी गालांचा पोलीस हात पाठीशी बांधून उभा होता. रस्ता रिकामा. एखाददुसरी गाडी जायची, मागच्या सीटवर रोपांचे ट्रे.

पोलीस म्हणाला, दोन-तीन लोकांनी काळजीपोटी फोन केला. म्हातारा माणूस हरवलाय असं त्यांना वाटलं. "प्रत्येकानं विचारलं त्याला, आर यू लॉस्ट? तो फक्त मान हलवतो." मी म्हटलं, मी नेतो. "स्वीट ॲज," म्हणजे मग ठीक, असं म्हणून तो गाडीत जाऊन बसला, पण गेला नाही.

"अण्णा, चला."

"मोर्चा आला नाही अजून."

"मोर्चा येणार नाहीये. मी सांगितलं होतं ना? इथे मोर्चा निघत नाही!"

"असं मालक लोकपण म्हणायचे," अण्णा म्हणाले.

मला संताप आला. त्यांचा, या रिकाम्या गावाचा, माझा. मी म्हटलं, तुम्ही आजारी पडाल. ते म्हणाले, पडेन. मी म्हटलं, लोक हसतील. ते म्हणाले, कुठायत लोक? मग खालच्या आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मलाही दिसतंय रे, कोणी येत नाही ते. पण उभं राहिल्यावर तसंच कसं निघायचं? मला तसं निघताच येत नाही. काय करू?"

हट्ट असता तर मी दंडाला धरून नेलं असतं. पण हा हट्ट नव्हता. माझा बाप अडकला होता, आणि त्याला सोडवायची एकच रीत होती.

मी वळलो आणि रस्त्यानं उलट चालत गेलो, नदीच्या पुलाच्या बाजूला, अण्णा लहान दिसायला लागेपर्यंत. मग रस्त्याच्या मधोमध आलो आणि त्यांच्या दिशेनं चालायला लागलो. मी आयुष्यात मोर्चा काढला नव्हता. माझ्या पिढीनं मोर्चाकडे बाल्कनीतून पाहिलं. मूठ वर केली तर ती माझी वाटेना. घसा साफ केला आणि ओरडलो, "कामगार एकजुटीचा!"

घोषणा अर्धी असते. पुढची अर्धी बाकीच्यांनी द्यायची. मी एकटा होतो, त्यामुळे ती अर्धी हवेतच राहिली. बंद दुकानांच्या काचांत मीच मला दिसत होतो, जाकीट घातलेला, टक्कल पडायला लागलेला, हात वर केलेला. इतकं एकटं मला त्या देशात कधीच वाटलं नव्हतं. वाटलं, इथेच खाली बसावं.

पुन्हा ओरडलो, "कामगार एकजुटीचा!"

लांबून, वाऱ्याबरोबर तुटत-तुटत अण्णांचा आवाज आला. "विजय असो!"

मी चालत राहिलो. मी अर्धी द्यायचो, ते अर्धी द्यायचे. त्यांच्यापाशी पोचलो तेव्हा माझे डोळे वाहत होते, आणि ते वाऱ्यामुळे नव्हतं. अण्णांनी कडक सलाम ठोकला, वळले, माझ्या पुढे लागले आणि दांडा आडवा धरून, वाट मोकळी करत, मला माझ्या गाडीपर्यंत पोचवलं. त्या तरुण पोलिसानं आमच्यासाठी आपली गाडी थोडी मागे घेतली. त्याच्या हातात किंवा पट्ट्याला साधं पिस्तूल नव्हतं, याची अण्णांना मागाहून फार हळहळ वाटली. "पोरगं नुसत्या हातानं उभं होतं," म्हणाले.

गाडीत हीटर लावला. अण्णांचे हात बर्फ झाले होते. मी ते चोळत बसलो. ते म्हणाले, "माझं तिकीट काढ."

मी हीटर आणखी वाढवला.

"मला वाटलं, मी एकटा पडलो म्हणून तू बोलावलंस. आल्यावर महिन्याभरात कळलं, एकटा तू आहेस. म्हटलं, राहू. पोराला सोबत होईल. पण मघाशी तू तिकडून येत होतास ना, तेव्हा मी पाहिलं. इतकी वर्षं इथे आहेस आणि तुझ्या मागे एक माणूस नव्हता. ते मी बसून भरून निघणार नाही. मी राहिलो तर तू रोज माझ्याकडे बघून घरी पळत येशील, आणि बाहेर कोणाशी ओळखच करून घेणार नाहीस."

"तिथे तुमचं कोण आहे?" मी विचारलं. ते कडवट निघालं.

"नाका आहे," अण्णा म्हणाले.

घरी आलो तेव्हा आजी कुंपणाशी उभ्या होत्या, हातांना माती. "कोणी आलं होतं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. "नाहीच येणार," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन गेलेल्या नवऱ्याची एक जाड लोकरी जर्सी घेऊन आल्या. अण्णांनी ती घातली. अर्ज भरायचा राहिला तो राहिलाच. महिन्याभरात अण्णा परत गेले.

पुढचा एक मे आला. इथे तो साधा कामाचा दिवस असतो. संध्याकाळी घरी येऊन मी कॉलिंग कार्डावरचे आकडे दाबत चाळीतल्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. मुंबईत दुपार नुकतीच सुरू झाली होती. बायको शिफ्टवर होती, लेक मैत्रिणीकडे राहायला गेली होती.

अण्णा नाक्यावरून नुकतेच आले होते. आवाज दमलेला, पण खुशीत. गिरणीच्या जागी आता काचेचा मॉल झालाय, म्हणाले. त्याच्या दारावरच्या वॉचमननं बसायला खुर्ची आणून दिली. अर्थात ते बसले नाहीत. येणारे-जाणारे विचारत होते.

"काय विचारत होते?"

"हेच की, अण्णा, मोर्चावाले अजून आले नाहीत का?" ते म्हणाले. "तुझ्याकडे सगळे मला विचारत होते, तुम्ही हरवलात का."

"मग आले का?"

"थोडेच होते रे. पण आले." मग त्यांनी विचारलं, "आणि तुझ्याकडे? आत्ता घरात कोण कोण आहे?"

"आहेत ना सगळे," मी म्हणालो, आणि हात लांब करून टीव्हीचा आवाज वाढवला.